पवई : जमीन, जल आणि शर्ती



स्मृतिव्याख्यानाचा विषय ठरविण्याची मुभा व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिली, तेव्हा एखाद्या साम्राज्याचा उदयास्त किंवा एखाद्या तत्त्वप्रणालीचा विकास असा भारदस्त विषय घ्यावा, असे सुचविणारे हितचिंतक काही थोडे नव्हते. तरीही मी पवई या एका तळ्याकाठच्या उपनगराचा इतिहास सांगावयाचे ठरविले. त्याचे कारण असे, की दुर्गांना बखरकार मिळाले, तीर्थक्षेत्रांना माहात्म्यकार मिळाले, राजधान्यांना तर इतिहासकारांची कधीच वाण पडली नाही. परंतु उपनगराच्या वाट्याला मात्र कोणीही आले नाही. उपनगराला वय नसते, पहिली इमारत उभी राहिली त्या दिवशी ते जन्मले, अशी एक समजूत आपल्या सर्वांच्या मनात नकळत रुजली आहे. पवईच्या बाबतीत ही समजूत किती निराधार आहे, हे तिथल्या जमिनीच्या कागदपत्रांवरूनच दाखविता येते. त्या कागदांत वारंवार आढळणारी एक बाब आजच्या विवेचनाचे सूत्र आहे. पवईची भूमी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांत गेली, आणि प्रत्येक वेळी तिच्याबरोबर काही शर्ती गेल्या. त्या शर्ती कोणी पाळल्या आणि कोणत्या बाबतीत शर्त लिहावी असे कोणाच्या मनातही आले नाही, हे पाहणे म्हणजेच या उपनगराचा इतिहास पाहणे होय.

प्रथम भूगोल सांगतो. साष्टी बेटाच्या मध्यभागी जी डोंगररांग उत्तर-दक्षिण पसरली आहे, तिच्या उत्तरेच्या अंगास आज राष्ट्रीय उद्यान आहे, आणि दक्षिणेकडे उतरत येताना तिच्या कुशीत तुळशी, विहार व पवई हे तीन जलाशय पाठोपाठ येतात. तिन्ही मनुष्यनिर्मित आहेत. विहारच्या सांडव्यावरून निघणारे पाणी आणि पुढे थोड्याच अंतरावर येऊन मिळणारे पवईचे पाणी यांच्या संगमातून मिठी नदी आकारास येते. ती साकी नाक्याजवळून, विमानतळाच्या भिंतींखालून, कुर्ल्याच्या दाट वस्तीमधून वाट काढीत माहीमच्या खाडीस मिळते. म्हणजे पवईस पडलेला पाऊस माहीमला समुद्रात जातो. ही एवढी साधी गोष्ट पवईत राहणाऱ्यांच्या आणि माहीम-कुर्ल्यास राहणाऱ्यांच्याही क्वचितच ध्यानी येते. तिच्याकडे मी पुढे वळणार आहे.

तळे होण्यापूर्वी येथे खोरे होते, आणि त्या खोऱ्यात व त्याच्या काठांवर गावे होती. पवई, तिरंदाज, पासपोली, साकी, तुंगवे आणि कोपरी ही ती नावे. आजही ज्याचे घर पंचविसाव्या मजल्यावर आहे, त्याच्या खरेदीखतात मालमत्तेचे वर्णन 'मौजे तिरंदाज, तालुका कुर्ला' असेच सुरू होते. संकुलांना आणि मनोऱ्यांना दूरदेशीची नावे देण्याची हौस कितीही वाढली, तरी मालकी सिद्ध करावयाची वेळ आली की भूमापनाच्या दप्तरातील मौजांनाच शरण जावे लागते. तळ्याच्या काठी, आजच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या आवारात, पद्मावती देवीचे स्थान आहे. ती या परिसराची जुनी देवता. संस्थेचे कुंपण तिच्याभोवती पडले, पण तिच्याकडे जाणारी पायवाट मोडली नाही.

साष्टीवरील अंमल वरचेवर पालटला. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी हे बेट १७३७ साली जिंकून घेतले, आणि दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेऊन त्या विजयावर शिक्कामोर्तब केले. मराठ्यांची सत्ता येथे चाळीस वर्षेही टिकली नाही. पुण्यातील गृहकलहाचा फायदा घेऊन इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. मुंबईकर इंग्रजांना साष्टीची निकड होती ती धान्याकरिता. मुंबई बेटावर माणसे वाढत होती आणि भात पिकविण्यास जागा नव्हती. साष्टीच्या प्रत्येक गावाकडे मुंबईच्या गरजेच्या नजरेने पाहण्याची रीत तेव्हापासून पडली, आणि ती आजतागायत मोडलेली नाही.

अव्वल इंग्रजी अमदानीतील पवईचा पहिला लक्षणीय कागद १७९९ सालचा. त्या वर्षी कंपनी सरकारने हा टापू हेलेनस स्कॉट नावाच्या आपल्या वैद्याकडे पट्ट्याने दिला. हा गृहस्थ जिज्ञासू होता. हिंदुस्थानातील पोलाद, रंग, औषधी इत्यादींची माहिती तो विलायतेतील शास्त्रज्ञांना लिहून कळवीत असे. नवी पिके या मातीत येतात की काय, हे पाहण्याची त्या काळच्या सरकारला मोठी उत्सुकता होती, आणि अशा माणसाच्या हाती जमीन देण्याचा उद्देश तोच होता. पुढे ही जमीन सरकारकडे परत आली. स्कॉटच्या कारकिर्दीविषयी याहून अधिक विस्तार करण्याचे प्रयोजन नाही, कारण पवईला खरा चेहरा दिला तो त्याच्या पश्चात आलेल्या पारशी गृहस्थाने.

फ्रामजी कावसजी बनाजी (१७६७–१८५१) हे नाव आजच्या मुंबईकरांच्या ओठी नाही, ही खेदाची गोष्ट होय. व्यापाराने संपन्न झालेल्या बनाजी घराण्यातील हा पुरुष, आणि मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा पाया घालणाऱ्या पहिल्या पिढीतील एक अग्रणी. १८२९ साली पवईचा टापू त्यांनी सरकारकडून कायमच्या पट्ट्याने घेतला. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पलीकडे गेलेले होते. ज्या वयात धनिक मनुष्य आपल्या संपत्तीची वाटणी करण्याच्या विचारात असतो, त्या वयात मुंबईपासून तेव्हाच्या मानाने दूर, जंगलाने वेढलेल्या, हिवतापाने ग्रासलेल्या एका खोऱ्यात त्यांनी पैसा व परिश्रम ओतण्यास आरंभ केला. विहिरी खणल्या, रस्ता बांधला, घरे उभारली, ऊस लावला आणि त्याच्यासाठी साखरेचा कारखाना घातला. निळीची लागवड केली, आणि रेशमाचे किडे पोसण्याकरिता तुतीची झाडे लावली. गव्हर्नर सर जॉन मॅल्कम यांनी १८३० च्या अखेरीस आपल्या कारभाराचा आढावा घेणारे जे टिपण लिहिले, त्यात साष्टीतील सुधारणांचे उदाहरण म्हणून फ्रामजींच्या पवईचा गौरवाने निर्देश केला आहे. पट्टा घेऊन जेमतेम वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच खुद्द गव्हर्नराने दखल घ्यावी, यावरून कामाचा झपाटा ध्यानी यावा.

त्या मळ्यांची खूण आज कोठेही उरली नाही. मात्र पवईच्या आंब्यांची एक हकीकत इतिहासात नोंदली गेली आहे. १८३८ च्या मे महिन्यात फ्रामजींनी आपल्या बागेतील आंब्यांची पेटी आगबोटीने विलायतेस, व्हिक्टोरिया राणीकडे, रवाना केली. सुएझचा कालवा खुला व्हावयास अजून तीस वर्षांहून अधिक अवधी होता. तांबड्या समुद्रातून जाणारी आगबोट, मग इजिप्तची खुष्कीची वाट, पुन्हा बोट, असा तो प्रवास. त्याला लागणारे दिवस आणि आंब्याचे नाशिवंतपण यांचा विचार केला म्हणजे या प्रयत्नामागील आत्मविश्वास थक्क करतो. राणीची मर्जी संपादन करण्याचा हेतू त्यात नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तथापि वाफेच्या शक्तीने दोन भूखंडांमधील अंतर तोडले आहे, आणि हिंदुस्थानचे ताजे फळ परदेशच्या बाजारात जाऊ शकेल, हे ओळखण्याची दूरदृष्टी त्या पेटीत होती. पुढे ज्या आंब्याच्या निर्यातीवर कोकणातील कित्येक घरे उभी राहिली, तिच्या आरंभकाळाच्या इतिहासात पवईच्या या पेटीला मानाचे स्थान द्यावे लागेल.

फ्रामजींच्या चरित्रातील दुसरी एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची आहे. मुंबई बेटावर पाण्याचे दुर्भिक्ष जुने. विहिरी आणि तळी यांवर शहर जगत असे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तळी आटत. धोबी तलावाला बारमाही पाणी मिळण्याची तजवीज फ्रामजींनी १८३१ साली पदरच्या खर्चाने केली, आणि त्याच्या स्मरणार्थ त्या तळ्याला त्यांचे नाव देण्यात आले. ते तळे कालांतराने बुजविले गेले. त्याच परिसरात त्यांच्या नावाची जी संस्था उभी राहिली, तिच्या सभागृहाने एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या किती सभा आणि किती वादविवाद ऐकले याची गणती नाही. महाराष्ट्रातील व्याख्यानपरंपरेचा विचार करणाऱ्याने त्या वास्तूचे ऋण मानलेच पाहिजे. तहानलेल्या शहरासाठी पाण्याची सोय करणारा पुरुष पवईचा पट्टेदार असावा, आणि त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांच्या आत त्याच्याच त्या खोऱ्यात शहराच्या तहानेसाठी तलाव बांधला जावा, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

फ्रामजींची स्तुती करताना एका बाबीचा विसर पडू देणे बरे नव्हे. ऊस लावला तो कोणी? तुतीला पाणी घातले ते कोणी? सहा मौजांतील कुळे आणि डोंगरपाड्यांतील वारली यांच्या श्रमाची नोंद मॅल्कमच्या टिपणात नाही आणि पट्ट्यात तर नसणारच. पट्टेदाराने सरकारशी करार केला. जमीन सुधारण्याची जबाबदारी घेतली. त्या करारात कसणारा हा तिसरा पक्ष कधी झालाच नाही. पुढील सर्व कागदांतही हेच आढळते, म्हणून येथे ते नमूद करून ठेवतो.

आता तळ्याकडे येऊ. १८५४ साली मुंबईत पाण्याचा एवढा तुटवडा पडला की जनावरे शहराबाहेर माहीमकडे हलवावी लागली, आणि होड्यांतून व नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीतून पाणी आणून विहिरींत ओतावे लागले. अभियंता हेन्री कॉनिबेअर यांनी मिठीच्या वरच्या खोऱ्यात जलाशय बांधण्याचा आग्रह त्याआधीच धरला होता. तो आता मान्य झाला, आणि १८५६ ते १८६० या काळात विहारचा तलाव बांधून मुंबईला नळाने पाणी मिळू लागले. १८७९ साली तुळशीची भर पडली. तरी शहराची वाढ पाण्याच्या पुढेच धावत राहिली. तानसाचे मोठे काम हाती घेतले होते. ते पुरे होईपर्यंत मधल्या वर्षांत काय करावे, या विवंचनेतून पवईचा तलाव निर्माण झाला. म्हणजे त्याचा जन्मच तात्पुरत्या गरजेतून झाला. विहारच्या खाली, मिठीच्या एका उपप्रवाहावर, टेकड्यांच्या मध्ये सुमारे १० मीटर उंचीचे बांध घालून १८९० च्या सुमारास नगरपालिकेने हे पाणी अडविले. खर्च सुमारे १२.५९ लाख रुपये आला.

या तलावाचे आकडे मुंबई महानगरपालिका दर पावसाळ्यात तलाव भरला की प्रसिद्ध करते, आणि वृत्तपत्रांत ते छापून येतात. परंतु ते वाचून जो विचार करावयास हवा, तो कोणी करीत नाही. पाण्याचा विस्तार पूर्ण भरतीच्या वेळी २.२३ चौरस किलोमीटर; साठा ५४५.५ कोटी लीटर. पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर. साठ्याला विस्ताराने भागले, तर सरासरी खोली अडीच मीटरसुद्धा भरत नाही. शेजारच्या विहारमध्ये २,७६९ कोटी लीटरांहून अधिक, म्हणजे पवईच्या पाचपट पाणी मावते. पवईचे तळे पसरट आहे आणि उथळ आहे. उथळ पाणी उन्हाने लवकर तापते, तळाशी सूर्यप्रकाश पोचून वनस्पती माजतात, आणि थोडा गाळ येऊन पडला तरी साठ्याचा मोठा हिस्सा जातो. शिवाय या तलावाचे स्थान सखल. विहार-तुळशीसारखी अरण्याची राखण त्याच्या पाणलोटाला लाभली नाही, भोवती गावे व शेते होती. परिणामी येथील पाणी पिण्यास योग्य ठरले नाही, आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी मुंबईत खेळू लागताच पवईची गरजही संपली. ज्या एकमेव कार्यासाठी खोरे बुडविले, ते कार्य या तळ्याकडून फार थोडा काळ आणि तेही अपुरे झाले.

यापुढे जे घडले ते फार शिकविणारे आहे. तलावाचा मूळ उपयोग संपला, पण तलाव राहिला. त्याचे पाणी कारखान्यांना आणि १९४९ साली स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीला पिण्याखेरीजच्या कामांसाठी जाऊ लागले. हौशी मत्स्यपारध्यांचा संघ १९३६ साली मुंबई इलाख्यात निघाला, त्याने येथे ठाण मांडले. कटला, रोहू, मृगळ यांची बीजे सोडली जाऊ लागली, आणि गळ टाकून तासन् तास निश्चल बसलेली माणसे हे पवईचे एक परिचित दृश्य झाले. या तळ्यात मगरी आहेत. थंडीच्या दिवसांत उन्हे चढली की त्या काठच्या चिखलावर येऊन जबडा उघडून पडतात, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांची त्यांना दिक्कत नसते. एवढ्या गजबजलेल्या महानगराच्या हद्दीत मगरीने अंडी घालावीत आणि पिल्ले वाढवावीत, ही गोष्ट पवईकरांनी अभिमानाने सांगण्यासारखी आहे. भाद्रपदात गणेशघाटावर विसर्जनाची गर्दी लोटते, आणि त्या काळात तळ्याचा ताबा भाविकांकडे असतो. कोणत्याही सनदेशिवाय, कोणत्याही ठरावाशिवाय, तळे हळूहळू लोकांचे झाले.

भोवतालच्या जमिनीचा प्रवास मात्र कागदोपत्रीच चालू होता. लार्सन आणि टुब्रो कंपनीने १९४८ साली येथील दलदल आणि झाडोऱ्याची ५५ एकर जमीन घेतली. १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांत मुंबई महानगरपालिकेची हद्द साष्टीत उत्तरेकडे वाढत गेली, आणि हा टापू शहरात गणला जाऊ लागला. १९५८ साली भारतीय तंत्रविज्ञान संस्था, मुंबई, हिची स्थापना झाली. पहिल्या वर्षीचे शंभर विद्यार्थी वरळीस, कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांच्या संशोधनसंस्थेच्या वास्तूत शिकत होते. पवईस कोनशिला बसविली ती पंडित नेहरूंनी, १० मार्च १९५९ रोजी. युनेस्कोच्या द्वारे सोव्हिएत संघाने यंत्रसामग्री व तज्ज्ञ पाठविले. सुमारे ५५० एकरांचे हे आवार, एका बाजूस विहारची टेकडी आणि दुसऱ्या बाजूस पवईचे पाणी. येथे जे ज्ञानकार्य झाले त्याचे मोल सर्व देश जाणतो, त्यावर मी निराळे काय सांगावे? मला स्थानिक दृष्टीने जे महत्त्वाचे वाटते, ते असे : संस्थेने जमिनीचा बराच भाग झाडांखाली राहू दिला. त्यामुळे तळ्याच्या उत्तरेच्या काठावरून येणारे पाणी अजूनही मातीतून झिरपत येते. अधूनमधून बिबळ्या त्या आवारात दिसतो. आणि खोऱ्याचे मूळ रूप कसे होते, याची कल्पना करण्यास निदान एक बाजू शिल्लक राहिली आहे. विद्येसाठी दिलेली जमीन विद्येसाठीच वापरली गेली. शर्त पाळल्याचे हे उदाहरण मी आदरपूर्वक नमूद करतो.

दक्षिणेच्या अंगाची कथा वेगळी आहे. तेथील टेकड्या पुष्कळ वर्षे खडीसाठी फोडल्या जात होत्या; सुरुंगांनी सैल झालेली माती पावसाबरोबर उतरून तळ्यात बसत होती. १९८६ साली शासन, महानगर प्रदेशाचे विकास प्राधिकरण आणि विकासक असा त्रिपक्षीय करार झाला. जमीन नाममात्र दराने दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावयाची आणि तीवर सामान्य माणसाला परवडतील अशी लहान घरे बांधावयाची, हे त्याचे सार. प्रत्यक्षात जे नगर उभे राहिले, ते त्याच्या स्तंभांनी, घुमटांनी आणि रुंद पदपथांनी प्रसिद्ध आहे. त्याची रचना नेटकी आहे, झाडे निगुतीने राखली आहेत, हे कोणीही मोकळ्या मनाने मान्य करील. परंतु लहान घरांची शर्त कोठे गेली, हा प्रश्न लोकांनी उच्च न्यायालयात नेला, आणि २०१२ साली न्यायालयाने आधी लहान घरे बांधा असा आदेश दिला. सव्वीस वर्षांनी एखादी शर्त न्यायासनापुढे पुन्हा वाचली जावी, यात मला दोन गोष्टी दिसतात. कागदात लिहिलेली अट मरत नाही, ही एक. आणि तिला जागविण्यास कोणीतरी सामान्य नागरिक उठावा लागतो, ही दुसरी. ज्यांच्यासाठी ती घरे होती, त्यांच्यापैकी पुष्कळजण तोपर्यंत फुलेनगर, पासपोली आणि टेकड्यांच्या उतारांवरील चाळवजा वस्त्यांत आयुष्य काढून चुकले होते. संकुलांमध्ये धुणेभांडी करणाऱ्या, वाहने हाकणाऱ्या आणि पहारा देणाऱ्या माणसांचे हे पत्ते आहेत. पवईचा परिचय करून देणाऱ्या पुस्तिकांत ते छापले जात नाहीत.

आणि आता ज्याच्याविषयी कोणत्याही पट्ट्यात शर्त घातली गेली नाही, त्या बाबीकडे येतो. तळ्याच्या बांधावर उभे राहून पाण्याकडे पाहिले, तर वर्षातील बराच काळ पाणी दिसत नाही. हिरवे शेत दिसते. ती जलपर्णी. काठाशी वाकून तिचे एक रोप उचलून पाहावे. पानाचा देठ मध्येच फुगीर असतो. तो नखाने चिरला तर आत पाण्याऐवजी हवेने भरलेला पोकळ, जाळीदार गाभा निघतो, आणि त्याच्याच बळावर ते रोप तरंगते. खाली काळसर, झुपकेदार मुळे लोंबतात, त्यांत गाळाचे कण अडकलेले असतात. फूल फिकट जांभळे, आणि त्याच्या वरच्या पाकळीवर निळ्या कडेचा पिवळा डोळा. अशा सुंदर फुलाचा पाण्यावर असा मारक परिणाम व्हावा, याने मन विषण्ण होते. कमळपक्षी त्या पानांवरून लांब बोटांनी चालत जातात आणि ढोकरी त्यावर दबा धरून बसते, तेवढाच तिचा उपयोग. महापालिकेची यंत्रे ती काढतात, ढीग काठावर येऊन पडतात, आणि काही महिन्यांत पाणी पुन्हा झाकून जाते. असे का होते? जलपर्णी सांडपाण्यावर पोसते. भोवतालच्या वस्तीचे मैलापाणी नाल्यांतून जोवर तळ्यात येते आहे, तोवर वरची पाने कापीत राहणे म्हणजे ताप उतरविण्यासाठी कपाळ पुसत राहण्यासारखे आहे. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतही या तळ्याचा समावेश होऊन गेला. उपाय ठाऊक नाही अशी स्थिती नाही.

मघाशी सांगितलेले आकडे येथे पुन्हा आठवावेत. तळे २.२३ चौरस किलोमीटर, पाणलोट ६.६१. म्हणजे पाणलोट तळ्याच्या तिपटीइतकासुद्धा नाही. मोठ्या धरणांना शेकडो चौरस किलोमीटरांचा प्रदेश पाणी पुरवितो, आणि त्यात एखादा कोपरा बिघडला तर बाकीचा सांभाळून घेतो. पवईला ती सवलत नाही. येथे एखादी टेकडी सिमेंटने मढली, एखादा नाला बंदिस्त गटारात कोंबला, की त्याचा परिणाम थेट पाण्यावर होतो. आपण तळ्याचा काठ सुशोभित करतो, दिवे लावतो, कारंजी उडवितो; परंतु पाऊस जेथे पडतो आणि ज्या वाटेने वाहतो, त्या उतारांचा आणि ओहळांचा कोणी वाली नाही. १७९९ चा पट्टा, १८२९ चा पट्टा, १९८६ चा करार, या सगळ्यांत जमीन एकरांनी मोजली गेली. वाहत्या पाण्याचा हक्क त्यात कोठे आला? तो लिहिला गेला पाहिजे, हे माझे आजच्या व्याख्यानातील मुख्य प्रतिपादन आहे.

याचे महत्त्व पवईपुरते नाही. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि मिठीने कुर्ला, कलिना व खालच्या सखल वस्त्यांत जो हाहाकार केला त्याच्या जखमा अद्याप बुजलेल्या नाहीत. तेव्हापासून नदीचे पात्र रुंद करण्याचे, गाळ काढण्याचे पुष्कळ काम झाले. परंतु नदीच्या उगमाशी पाणी धरून ठेवणारी जी दोन भांडी आहेत, त्यांपैकी एक गाळाने उथळ होत चालले आहे, याची चर्चा पुराच्या बैठकीत कधी होते काय? पिण्याच्या पाण्याला निरुपयोगी ठरलेला हा तलाव पावसाचा पहिला लोंढा काही काळ अडवून धरतो, आणि त्यामुळे मिठीकाठच्या माणसांना थोडी उसंत मिळते. तो लोंढा किती काळ अडेल हे गाळावर अवलंबून आहे. एकशेतीस वर्षांपूर्वी तात्पुरत्या सोयीसाठी बांधलेल्या तळ्याला आज असे कायमचे काम मिळाले आहे.

अलीकडे तळ्याभोवती सायकलींचा मार्ग बांधण्याचा घाट घातला गेला. काठाच्या पाण्यात दगडांच्या जाळ्या टाकून त्यावरून तो न्यावयाचा होता. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदेशीर ठरवून ते काढून टाकण्याचा आदेश दिला, आणि पाणथळ जागांच्या रक्षणाचे नियम या मनुष्यनिर्मित तळ्यासही लागू पडतात हे स्पष्ट केले. अर्जदारांत येथील तंत्रविज्ञान संस्थेत संशोधन करणारा विद्यार्थी होता. दोन शतकांच्या कागदांत जे नव्हते ते या निकालात प्रथम ठळकपणे आले : पाणी व त्याचा काठ यांना स्वतःचा म्हणून एक कायदेशीर दर्जा आहे. निकालाने काठ वाचला. उतार वाचविण्याचे काम अजून आपल्यापुढे आहे.

ते कोठून आरंभावे, याविषयी माझी एक सूचना आहे आणि ती या सभेतील तरुण श्रोत्यांसाठी आहे. पवई, तिरंदाज, पासपोली, साकी, तुंगवे आणि कोपरी या मौजांचे जुने भूमापन नकाशे भूमिअभिलेख खात्याकडे मागता येतात. अशा नकाशांवर शेतांच्या सीमांबरोबर ओहळ व नाले दाखविण्याचा प्रघात असतो. त्या नकाशांच्या प्रती घ्याव्यात. आजच्या नकाशावर त्या ताडून पाहाव्यात. जुना प्रत्येक ओहळ आता कोणत्या रस्त्याखालून, कोणत्या कुंपणातून, कोणत्या वस्तीच्या मागून जातो, आणि तळ्याला मिळताना त्यात पावसाचे पाणी असते की मैलापाणी, हे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात असे दोनदा पायी हिंडून लिहून काढावे. त्यासाठी मोठ्या निधीची जरूर नाही. नोंदी तयार झाल्या की त्यांची एक प्रत महापालिकेच्या जलअभियंत्यांकडे, एक उपनगर जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि एक येथील ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे यापुढे या टेकड्यांवर जो कोणी बांधकामाचा परवाना मागेल, त्याच्या अर्जासोबत त्या नोंदी जोडण्याची मागणी आपल्याला करता येईल. तुंगव्याच्या बाजूने सुरुवात केलेली बरी. तिकडचे नाले सर्वांत जास्त झाकले गेले आहेत.